नवा टॅब: कोरा की भरलेला, शेजारी की शेवटी

ब्राउझर बदलायचा विचार सुरू झाला की बहुतेक जण वेग, मेमरी आणि एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांची, चौकशी करतात. मी म्हणेन, नवा टॅब कसा उघडतो तेही बघून घ्या. ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं तो दिवसातून किती वेळा कंट्रोल-टी दाबतो याची त्यालाही गणती नसते, आणि तिथली बारीकशी अडचणसुद्धा मग दिवसभर पाठ सोडत नाही.

माझं काम मराठी मजकूर तपासण्याचं. एका टॅबमध्ये मजकूर उघडा असतो. शब्द अडला की नवा टॅब उघडायचा, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे जुने मराठी शब्दकोश किंवा मराठी विश्वकोशातली नोंद बघायची, टॅब बंद करायचा आणि परत मजकुरावर यायचं. या कामासाठी मी क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही भरपूर वापरले आहेत, विवाल्डी आणि सफारी त्या मानाने कमी. पुढचं सगळं या सवयीतून लिहिलेलं आहे. तुमचं काम वेगळ्या धाटणीचं असेल तर तुमचा कौलही वेगळा पडू शकतो.

आधी आत काय दिसावं ते. नव्या टॅबमध्ये आवडत्या साइट्सचे चौकोन मांडण्याची पद्धत ऑपेरा या ब्राउझरने 2007 मध्ये ‘स्पीड डायल’ या नावाने आणली. 2008 मध्ये क्रोम आला तोच नेहमीच्या साइट्सची चित्रं घेऊन. फायरफॉक्सचा नवा टॅब 2012 पर्यंत कोराच होता; 13व्या आवृत्तीत तिथेही चौकोन आले, आणि पुढे लेखांच्या शिफारशी आणि प्रायोजित चौकोनही आले. आज सुरुवातीच्या मांडणीत जवळपास सगळ्यांचाच नवा टॅब भरलेला असतो. फरक पडतो तो रिकामा करता येतो का आणि किती, यात. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये नव्या टॅबसाठी ‘कोरं पान’ असा सरळ पर्याय आहे. क्रोममध्ये शॉर्टकट लपवता येतात, पण मधली शोधपेटी राहतेच, आणि खरं तर ती करते तेच काम वरची पत्त्याची पट्टी करते. सफारीत कोरं पान आहे, होमपेज आहे, आणि ‘आत्ता उघडं असलेलंच पान पुन्हा उघडा’ असाही एक पर्याय आहे. एकाच लांबलचक पानाचे दोन भाग ताडून बघणाऱ्याला तो खरंच उपयोगी पडतो.

मी कोऱ्या पानाच्या बाजूचा आहे. शब्द शोधायला टॅब उघडावा आणि समोर बातमीचा मथळा यावा, म्हणजे शब्द डोक्यातून गेलाच. शिवाय बैठकीत स्क्रीन दाखवत असताना नवा टॅब उघडला की आपण रोज कुठे कुठे जातो ते सगळ्यांपुढे मांडलं जातं, तेही मला प्रशस्त वाटत नाही.

पण आईच्या लॅपटॉपवर मी मुद्दाम भरलेला टॅब ठेवला आहे. बँक, रेल्वेचं आरक्षण, वीजबिल आणि तिची आवडती दोन वर्तमानपत्रं, एवढेच चौकोन. बँकेचं नाव शोधायला गेलं की वर जाहिराती येऊ शकतात, कधी हुबेहूब दिसणारी खोटी साइटही येऊ शकते; चौकोनावर दाबलं की ती भीती राहत नाही. क्रोममध्ये ‘सर्वाधिक भेट दिलेल्या साइट्स’ऐवजी आपले शॉर्टकट निवडले तर ते आपण ठेवले तसेच राहतात, दहापर्यंत ठेवता येतात. घरातल्या मोठ्यांसाठी ब्राउझर निवडत असाल तर क्रोम लावून द्या आणि हे चौकोन एकदा नीट मांडून द्या. तिथे माझं काही दुमत नाही.

नव्या टॅबमध्ये आपल्या आवडीचा एखादा पत्ता थेट उघडावा, असंही बऱ्याच जणांना वाटतं. फायरफॉक्समध्ये पूर्वी ती सोय होती. 2015 मध्ये 41व्या आवृत्तीत ती काढून टाकली, कारण फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर शिरणारे उपद्रवी प्रोग्राम नेमकी तीच सेटिंग बदलून लोकांना भलत्याच शोधपानावर नेत असत. तेव्हापासून तिथे त्यासाठी एक्स्टेन्शन लागू लागलं, क्रोममध्येही लागतं. मला याची उणीव भासली नाही. शब्दकोशासाठी एक अक्षरी खूण ठरवून पत्त्याच्या पट्टीत ती खूण आणि शब्द लिहिला की काम होतं, आणि ही सोय दोघांकडेही आहे.

आता ज्या गोष्टीवर माझा निर्णय झाला ती: नवा टॅब उघडतो कुठे?

पानावरची लिंक नव्या टॅबमध्ये उघडली तर ती चालू टॅबच्या शेजारी उघडते. फायरफॉक्समध्ये हे 2010 च्या 3.6 आवृत्तीपासून असंच आहे, क्रोममध्येही तसंच. पण कंट्रोल-टी दाबलं, किंवा अधिकच्या खुणेवर क्लिक केलं, की दोन्हीकडे नवा टॅब जातो थेट रांगेच्या टोकाला. यामागे असं गृहीत धरलेलं दिसतं की लिंक म्हणजे चालू विषयाची फांदी, आणि कंट्रोल-टी म्हणजे नवा विषय. माझ्या कामात हे गृहीत टिकत नाही. मी कंट्रोल-टी दाबतो तो समोरच्या वाक्यातला शब्द अडला म्हणूनच. तो टॅब त्या मजकुराचाच असतो, आणि तरी पंचवीस टॅब ओलांडून पलीकडे जाऊन बसतो.

क्रोमने यावर एक उतारा ठेवला आहे आणि तो विचारपूर्वक केलेला आहे. टोकाला उघडलेला टॅब तुम्ही दुसरीकडे कुठेही न जाता बंद केलात, तर क्रोम तुम्हाला जिथून निघालात त्याच टॅबवर परत नेतो. एकच शब्द बघायचा असेल तर हे उत्तम चालतं. पण मध्येच मूळ मजकुरावर जाऊन वाक्य पुन्हा वाचून आलात की ते नातं तुटतं; मग टॅब बंद केल्यावर समोर येतो तो रांगेतला शेजारचा, ज्याचा आपल्या मजकुराशी काही संबंध नसतो. माझं तर कामच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे असं चालतं. अर्थ वाचायचा, वाक्याकडे जायचं, दुसरा अर्थ बघायला परत यायचं. दर फेरीला रांगेत मजकुराचा टॅब कुठला ते हुडकायचं. याचा वैताग दुपारपर्यंत इतका साचतो की शब्द न बघताच पुढे जायचा मोह होतो, आणि तपासणाऱ्याने तेवढं मात्र करता कामा नये.

इथे फायरफॉक्सची बाजू घेताना एक सांगायला हवं. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये हा त्रास तिथे उलट जास्त जाणवतो. क्रोममध्ये टॅब अरुंद होत जातात पण पट्टीवर राहतात; फायरफॉक्समध्ये ते एका मर्यादेपलीकडे लहान होत नाहीत, पट्टी सरकू लागते, आणि टोकाला गेलं की मूळ टॅब दिसेनासाही होतो. पण फायरफॉक्समध्ये हे बदलता येतं. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:कॉन्फिग’ (about:config) लिहून आतल्या सेटिंग्जचं पान उघडायचं, येणारी सूचना मान्य करायची, आणि शोधपट्टीत ‘इन्सर्ट आफ्टर करंट’ हे तीन इंग्रजी शब्द जोडून टाइप करायचे. जी ओळ येईल तिच्यावर डबल-क्लिक करून ती ‘ट्रू’ केली की झालं. पुढचा कंट्रोल-टी चालू टॅबच्या लगेच उजवीकडे उघडतो. मजकूर डावीकडे, शब्दकोश उजवीकडे, आणि कंट्रोल-पेजअप, कंट्रोल-पेजडाउनने दोन्हींत ये-जा. बोटांना जागा पाठ होते, नजर मजकुरावरून हलवावी लागत नाही. मी मोजमाप केलेलं नाही, पण संध्याकाळी डोकं कमी शिणलेलं असतं एवढं खात्रीने सांगतो.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये असा पर्याय मला सापडला नाही. एक्स्टेन्शनने जमतं, पण एवढ्याशा कामासाठी आणखी एकाला ब्राउझरमध्ये घ्यावं असं मला वाटत नाही. विवाल्डीत मात्र नव्या टॅबची जागा साध्या सेटिंग्जमध्येच निवडता येते, कुठल्या आतल्या पानात शिरावं लागत नाही. ज्यांना ‘अबाउट:कॉन्फिग’ची धास्ती वाटते त्यांनी तो जरूर बघावा. माझे बुकमार्क आणि खुणा फायरफॉक्समध्ये आधीच बसलेल्या होत्या म्हणून मी तिकडे गेलो नाही, एवढंच कारण.

टोकाला उघडणाऱ्या टॅबचीही बाजू आहे. मेल वाचून झालं, आता तिकीट काढायचं, मग बिल भरायचं, अशा सुट्या कामांत नवा टॅब शेवटीच शोभतो, आणि विंडोजवर कंट्रोल-9 दाबलं की रांगेतला शेवटचा टॅब समोर येतो. अशा वापराला क्रोम आहे तसा पुरेसा आहे. त्यासाठी ब्राउझर बदलायची गरज मला दिसत नाही.

पण तुम्ही अनुवाद करत असाल, पुस्तक तपासत असाल, एखादा विषय लावून धरून वाचत असाल, तर शेजारी उघडणारा टॅब एकदा वापरून बघा. त्यासाठी आज काही नवं बसवायचीही गरज नाही. क्रोममध्येच चालू टॅबवर राइट-क्लिक केलं की ‘उजवीकडे नवीन टॅब’ असा पर्याय येतो. आठवडाभर शब्द बघायला तोच वापरा. हात आपोआप तिकडे जाऊ लागला तर फायरफॉक्स उतरवून घ्या आणि पहिल्याच दिवशी ती ओळ ‘ट्रू’ करून टाका.