जस्टिस फॉर ऑल: काही महिन्यांनी, दुसऱ्यांदा खेळून झाल्यावर

निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावर 'फिनिक्स राईट: एस अटर्नी – जस्टिस फॉर ऑल' हा मालिकेचा दुसरा भाग संपवून काही महिने झाले. मधल्या काळात तो पुन्हा पहिल्यापासून खेळलो आणि चौथी केस तर त्यानंतर आणखी एकदा. त्यामुळे हे पहिल्या भरातलं लिहिणं नाही. थोडक्यात हवं असेल त्यांना: चार केसेसपैकी एक उरकून टाकलेली, एक चांगली, एक रटाळ, आणि चौथी अशी की तिच्यासाठी बाकीच्या तिन्ही खेळाव्यात.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी दोन शब्द. आपण फिनिक्स राईट नावाचा बचाव पक्षाचा वकील. दिवसा घटनास्थळी फिरायचं, लोकांना बोलतं करायचं, पुरावे गोळा करायचे. मग कोर्टात साक्षीदाराची जबानी ओळ-ओळ ऐकून उलटतपासणी घ्यायची आणि पुराव्याशी जुळत नसलेली ओळ आली की हरकत घ्यायची. हातचलाखी लागत नाही, वाचन मात्र भरपूर. कायद्याच्या अभ्यासाशी याचा काही संबंध नाही. इथे खटला तीन दिवसांत निकाली निघतो आणि सरकारी वकील भर कोर्टात चाबूक चालवते.

मूळ गेम जपानमध्ये 2002 साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आला. लेखन-दिग्दर्शन शू ताकुमी यांचं. डीएसवरची इंग्रजी आवृत्ती 2007 ची, आणि ती केवळ जुना गेम नव्या यंत्रावर आणलेला आहे हे पहिल्या तासातच कळतं. पहिल्या भागाच्या डीएस आवृत्तीत एक पाचवी केस नव्याने जोडली होती. तिच्यात बोटांचे ठसे उठवायला पावडर टाकून मायक्रोफोनवर फुंकर मारायची, ल्युमिनॉल शिंपडून रक्ताचे डाग शोधायचे, असं बरंच काही होतं. ती खेळून इथे येणाऱ्याचा हिरमोड ठरलेला. इथे ज्यादा केस नाही, टचस्क्रीनचा खास उपयोगही नाही. वाय बटण दाबून मायक्रोफोनमध्ये 'ऑब्जेक्शन' ओरडण्याची सोय तेवढी आहे. घरात इतर माणसं असतील तर तीही कामाची नाही.

पहिली केस शिकवणीची. फिनिक्सच्या डोक्यात अग्निशामक नळकांडं बसतं आणि त्याची स्मृती जाते, म्हणजे नव्या खेळाडूला सगळं पुन्हा समजावायला निमित्त मिळालं. युक्ती स्वस्त आहे. तरी या केसमधली एक विसंगती मला फार आवडते. मेलेल्या माणसाने वाळूत आरोपीचं नाव लिहून ठेवलंय, पण त्याची तर मान मोडून जागीच मृत्यू झालाय. शिवाय नावाचं स्पेलिंग चुकलंय, आणि आरोपी म्हणजे त्याची स्वतःची प्रेयसी. दोन साध्या गोष्टी, दोन्ही पहिल्यापासून आपल्या डोळ्यांसमोर. या मालिकेतलं उत्तम कोडं असंच असतं: उत्तर लपवलेलं नसतं, आपण नीट वाचलेलं नसतं.

आता या भागातला खरा बदल. दुसऱ्या केसपासून मागातामा नावाचा हिरवा मणी मिळतो. समोरचा माणूस काही दडवत असेल तर त्याच्याभोवती साखळ्या आणि लाल कुलपं दिसू लागतात. योग्य पुरावा किंवा योग्य व्यक्तीची माहिती पुढे करून एकेक कुलूप फोडायचं. पहिल्या भागात तपासाचा दिवस म्हणजे इकडून तिकडे चकरा आणि प्रत्येकाला प्रत्येक वस्तू दाखवत बसणं. कुलपांमुळे त्या भागालाही उलटतपासणीची धार आली. अजून पुरेसा पुरावा नाही असं वाटलं तर मध्येच माघार घेता येते आणि नंतर परत येता येतं. हे अंदाज बांधणं, 'आता माझ्याकडे आहे का सगळं?' असं स्वतःला विचारणं, मला कोर्टातल्या प्रसंगांइतकंच रंगतदार वाटलं.

त्याच्या जोडीला आलेली लाइफ बार, म्हणजे चुकांगणिक रिकामी होत जाणारी पट्टी, मात्र सोसवत नाही. पूर्वी पाच चुकांची मुभा होती आणि हिशेब सरळ होता. आता प्रत्येक चुकीची किंमत वेगळी. साधी चूक पट्टीचा छोटा तुकडा खाते, मोक्याच्या क्षणीची चूक अर्धी पट्टी गिळते. त्यात गेलेली पट्टी केस चालू असताना आपोआप भरत नाही, कुलपं पूर्ण फोडली तरच काही परत मिळते. म्हणजे तपासात केलेला आगाऊपणा दुसऱ्या दिवशी कोर्टात भोवतो. कागदावर कल्पना छान आहे. प्रत्यक्षात काय होतं? धाडसी हरकत घ्यायची हिंमत जाते. प्रत्येक शंकेच्या जागी सेव्ह करायचं, चुकलं की बंद करून पुन्हा उघडायचं, आणि डीएसवर सेव्हचा स्लॉट एकच. चुकीच्या जागी सेव्ह केलं की पट्टीत उरेल तेवढ्यावर निभवायचं.

हा जाच कमी वाटला असता, जर प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर तर्काने निघालं असतं. तसं नेहमी होत नाही. इथे पुराव्यांबरोबर माणसांची माहितीही सादर करता येते, म्हणजे पर्याय दुपटीने वाढले. कधी दोन वस्तू एकच मुद्दा सिद्ध करतात आणि गेमला त्यातली एकच चालते. कधी आपल्याला सत्य दोन पायऱ्या आधीच उमगलेलं असतं, पण लेखकाच्या क्रमाने जाईपर्यंत न्यायाधीश महाशय दंडच ठोकत राहतात.

दुसरी केस मेळ असलेली आहे. आत्म्याला पाचारण करण्याच्या विधीत बंद खोलीत खून होतो आणि संशय येतो फिनिक्सची सहकारी माया हिच्यावर. गावाचं वातावरण, घराण्यातली धुसफूस, मायाची आठ वर्षांची मावसबहीण पर्ल, सगळं जमून आलंय. फ्रान्झिस्का फॉन कार्मा इथेच पहिल्यांदा समोर येते. वय अठरा, तेराव्या वर्षापासून सरकारी वकील, हातात चाबूक, तोंडी सदैव 'मूर्ख'. सुरुवातीला मजा येते. पण साक्षीदार, न्यायाधीश, आपण, सगळ्यांनाच फटके बसायला लागले की तोचतोचपणा येतो. पहिल्या भागातला सरकारी वकील एजवर्थ याच्याशी भांडताना समोर एक बुद्धी आहे असं वाटायचं; फ्रान्झिस्काबाबत ते फार क्वचित वाटलं. तिचा एकटेपणा लेखकाने शेवटी दाखवलाय, पण तो शेवटीच.

तिसरी केस सर्कशीची. तिच्याबद्दल मालिकेच्या चाहत्यांमध्ये जे बोललं जातं ते खरं आहे. विदूषक साक्ष देताना विनोद करतो, विनोद पडतो, कोर्ट सुन्न होतं. आणि हे कितीतरी वेळ चालतं. न वाचलेला मजकूर भरभर पुढे ढकलता येत नाही, म्हणून सुटकाही नाही. खुनाची पद्धत इतकी योगायोगावर टेकलेली की उलगडा झाल्यावर 'अरेच्चा' ऐवजी 'असं कसं?' निघतं तोंडातून. सोळा वर्षांच्या मुलीमागे मोठी माणसं लागलेली आहेत आणि गेम ते हसण्यावारी नेतो, तेही दुसऱ्या खेळीत जास्त खटकलं. खुन्याचा हेतू मात्र मनाला लागतो. एवढ्या चांगल्या हेतूभोवती एवढं पाल्हाळ कशाला, हा प्रश्न राहतोच.

संगीताबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या भागातल्या कोर्टातल्या धून डोक्यात घर करून बसल्या होत्या, इथल्या बसल्या नाहीत.

आणि मग चौथी केस. पुढच्या परिच्छेदात थोडा रहस्यभेद आहे. गेम खेळायचा असेल तर तो सोडून शेवटच्या परिच्छेदावर या.

एका टीव्ही अभिनेत्याच्या बचावासाठी आपण उभे आहोत, आणि मायाचं अपहरण झालंय. अपहरणकर्त्याची मागणी एकच: अशील निर्दोष सुटला पाहिजे. म्हणजे आतापर्यंत जो निकाल मिळवण्यासाठी धडपडायचो, तोच आता खंडणी झाला. तपासाच्या पहिल्याच दिवशी आपण अशिलाला थेट विचारतो, तू मारलंस का? तो नाही म्हणतो. एकही कुलूप दिसत नाही. आपण निर्धास्त होतो. दोन केसेस भर त्या मण्यावर विसंबायची सवय लागलेली असते ना. मणी खोटं बोलत नाही हे खरंच, पण प्रश्न नेमका कोणता विचारला याकडे आपलं लक्षच नसतं. गेमने आपल्या हाती दिलेलं हत्यारच आपल्यावर उलटवलेलं मी क्वचित पाहिलंय. पुढे कोर्टात आणखी एक उलटापालट आहे. इतर वेळी साक्षीदाराला कोंडीत पकडून निकाल लवकर खेचायचा असतो. इथे मायाचा शोध लागेपर्यंत खटला लांबवायचा असतो. निरर्थक वाटणारे प्रश्न विचारणं हाच डाव, आणि आधी एकमेकांच्या विरुद्ध उभी राहिलेली माणसं तो मिळून खेळतात. दुसऱ्या खेळीत अशिलाची सुरुवातीची गोड वाक्यं वाचताना अंगावर काटा येतो. एकही ओळ खोटी नाही, हे तपासायला मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. अगदी शेवटी 'दोषी' की 'निर्दोष' असा पर्याय समोर येतो. काय निवडलं तरी कथा एकाच वाटेने जाते, हे आता मला ठाऊक आहे. तरी तिसऱ्या वेळीही बोट थबकलंच.

घ्यायचा असेल तर आज डीएसची कॅसेट शोधत बसू नका. पहिले तिन्ही भाग एकत्र असलेला संच 2019 पासून स्विच, पीएस 4, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आहे. चित्रं स्वच्छ केलेली आहेत आणि सेव्हचे स्लॉट अनेक आहेत, त्यामुळे लाइफ बारचा जाच बराच कमी होतो. पहिला भाग आधी खेळाच. एजवर्थ कोण होता आणि त्याच्या नावाने फिनिक्स इतका का चिडतो हे माहीत नसेल तर चौथ्या केसचा निम्मा जोर वाया जाईल. सर्कस कंटाळवाणी झाली तर सरळ वॉकथ्रू, म्हणजे उत्तरं सांगणारं मार्गदर्शन, उघडा, अजिबात लाज बाळगू नका. चौथीत मात्र पट्टी रिकामी होऊन हरलात तरी उघडू नका.