बायपासनंतरचा व्यायाम: मधुमेह असेल तर रिहॅब केंद्र बरं की घर?

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर कार्डिॲक रिहॅब, म्हणजे हृदय सावरण्यासाठीचा आखीव व्यायाम, सुचवतात आणि घरात प्रश्न पडतो: आठवड्यातून तीनदा केंद्रात जायचं, की घरीच चालायचं? सगळ्या हृदयरुग्णांचा एकत्र विचार केला तर दोन्हीकडे फायदा साधारण सारखाच होतो. मधुमेहींनी मात्र एवढ्यावर निर्णय घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

मधुमेही रुग्णाला सुरुवातीपासूनच इतरांपेक्षा लवकर दम लागतो. हा आळस नव्हे. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, पेशी ऑक्सिजन नीट वापरत नाहीत आणि ताठर झालेलं हृदय दोन ठोक्यांमध्ये पुरेसं सैलावत नाही. सुधारणा होते, पण बऱ्याचदा संथपणे. त्यामुळे शेजारच्या ट्रेडमिलवरच्या माणसाशी तुलना करू नका. सहा मिनिटांत आपण किती मीटर चाललो ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पुढच्या चाचणीत त्यात ३० मीटरची भर पडली, तरी ती खरी प्रगती आहे.

केंद्राची खरी किंमत कळते ती नाडीच्या बाबतीत. जुन्या मधुमेहात हृदयाचा वेग सांभाळणाऱ्या नसा कमजोर होतात, त्यात शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध, सुरू असतो. मग मनगटावरचं घड्याळ ९५ ठोके दाखवत असतं आणि माणूस मात्र धापा टाकत असतो. नुसता आकडा पाहून वेग वाढवला तर गडबड होते. म्हणून फिजिओथेरपिस्ट विचारतात, ‘६ ते २० मध्ये किती दमल्यासारखं वाटतंय?’ (६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे अगदी टोकाचे.) सुरुवातीला ११ ते १३ पुरे, म्हणजे चालताना वाक्य पूर्ण बोलता यायला हवं. शिवाय नसा बधिर असतील तर हृदयाला रक्त कमी पडूनही छातीत दुखेलच असं नाही. ते ईसीजीवर दिसू शकतं, घरी कळायला मार्ग नाही.

साखर उतरण्याचंही तसंच. बीटा ब्लॉकरमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम येतो, पण व्यायामात घाम येणारच, म्हणून कोणी लक्ष देत नाही. चांगल्या केंद्रात व्यायामाआधी आणि नंतर साखर तपासतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर पटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना ती ९० च्या खाली असेल, तर आधी काही खायला देतात. २५० च्या वर असेल तर, विशेषतः टाइप १ मध्ये, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारे आम्लधर्मी घटक) पाहिल्याशिवाय व्यायाम सुरू करत नाहीत.

घराची बाजूही लंगडी नाही. एका व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो तो एक ते तीन दिवसच टिकतो, त्यामुळे सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको. हे सातत्य घरी सोपं जातं. केंद्र लांब असेल, सोबत यायला कोणी नसेल, तर चार खेपांनंतर जाणं बंद होतं, आणि बंद पडलेल्या रिहॅबपेक्षा घरचं रोजचं चालणं कधीही चांगलं. फक्त संध्याकाळी जास्त व्यायाम झाला तर रात्री साखर उतरू शकते, हे घरच्यांना माहीत हवं. चालून आल्यावर तळपाय आरशात पाहायचे. मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर फोड दुखतच नाही.

माझा कौल असा: इन्सुलिन किंवा साखर पटकन उतरवणाऱ्या गोळ्या, पायांत बधिरपणा, उभं राहिल्यावर चक्कर, हृदयाचं पंपिंग कमी, यातलं एकही लागू असेल तर पहिले काही आठवडे केंद्रातच काढा आणि मग घरी या. फक्त मेटफॉर्मिन चालू आहे, पायांच्या संवेदना ठीक आहेत, घरात ग्लुकोमीटर आहे आणि रिहॅबचं कोणी नियमित फोन करणार आहे, तर डॉक्टरांना विचारून घरूनच सुरुवात करायला हरकत नाही.

छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे किंवा सर्जन सांगतील तोवर, जड उचलणं दोन्हीकडे वर्ज्य. साखर चढी असेल तर जखम भरायलाही वेळ लागतो. डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर वजनांचे व्यायाम सुरू करण्याआधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

केंद्र पाहायला गेलात तर तिथल्या यंत्रांआधी एवढं विचारा: सत्राआधी साखर कोण तपासतं, आणि ती कमी निघाली तर तुम्ही काय करता?