स्टेनलेसच्या पात्यांची हीट ट्रीटमेंट: बुटीबोरीतील एका भट्टीविषयी

वरुड-मोर्शी भागातील संत्रा प्रक्रिया यंत्रांना लागणारी पाती आम्ही लहान प्रमाणावर तयार करतो आणि त्यांची हीट ट्रीटमेंट (ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून कडक करणे) नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या भट्टीवर करून घेतो.

तेथे माल उतरवण्याआधीच स्टेनलेसचा ग्रेड (प्रकार) कोणता आणि वस्तू कशासाठी, हे विचारले जाते. गावाकडचे अनेक कारखानदार नुसते ‘स्टेनलेस’ सांगून ३०४ या ग्रेडच्या पट्ट्या पाठवतात आणि त्या कडक होऊन येतील अशी अपेक्षा धरतात. हा ग्रेड भट्टीने कडक होत नाही. १०१० ते ११२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटपट थंड केल्यास तो उलट मऊ पडतो, आणि ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळला तर धातूच्या कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड (क्रोमियम-कार्बनचे संयुग) साचून तेथूनच गंज धरतो. ३०४ सहसा चुंबकाला चिकटत नाही म्हणून ओळखू येतो, परंतु ४१० आणि ४२० हे कडक होणारे दोन्ही ग्रेड चिकटतात, त्यामुळे मिलचे (पोलाद कारखान्याचे) टेस्ट सर्टिफिकेट मागण्याचा भट्टीवाल्यांचा आग्रह रास्त आहे.

आमची पाती ४२० ची असतात. हा पोलाद उष्णता सावकाश आत घेतो, म्हणून आधी सातशे अंशांच्या आसपास थांबवून मग १०२० अंशांवर नेतात, तेलात विझवतात (बुडवून झटपट थंड करतात) आणि त्याच दिवशी २०० अंशांवर टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवणे) करतात. पाते तुटू नये म्हणून काही गिऱ्हाईक पाचशे अंशांचे टेम्परिंग मागतात. ते येथे स्पष्ट नाकारले जाते, कारण तापमानाच्या त्या टप्प्यात चिवटपणा आणि गंजरोधकता दोन्ही घटतात, आणि संत्र्याच्या आंबट रसात पात्याचा कस लागतो तो गंजाबाबतच. एवढ्या एका नकारासाठी मी हे ठिकाण सुचवीन.

उणिवाही आहेत. भट्टी साधी, हवेची असल्याने पात्यांवर पापुद्रा येतो आणि घासाईसाठी जास्तीची जाडी ठेवावी लागते. रिपोर्टवर कडकपणाचा आकडा मिळतो, भट्टीचा तापमान आलेख मागूनही मिळत नाही. स्टेनलेसचा पुरेसा माल जमल्याशिवाय भट्टी लावत नाहीत, हे आंबिया बहाराच्या (संत्र्याच्या एका हंगामाच्या) तोडणीत फार अडचणीचे ठरते. लांब, पातळ पाती तेलात वाकतात. ती आम्ही व्हॅक्यूम (हवा काढून टाकलेल्या) भट्टीसाठी पुण्याला पाठवतो आणि वाहतुकीचा खर्च दरात धरतो.