मायक्रोटिक हेक्स: वेग असूनही अडणाऱ्या इंटरनेटसाठी

संध्याकाळी नवीन पान उघडत नाही, पण आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल मात्र तुटत नाही, आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केला की काही वेळ सारे सुरळीत चालते, अशी लक्षणे दिसत असतील तर दोष बहुधा फायबरमध्ये नसतो. घरातल्या उपकरणांनी बाहेर उघडलेल्या प्रत्येक कनेक्शनची नोंद राउटरला ठेवावी लागते आणि नोंदींचा हा तक्ता भरला की नव्या कनेक्शनला जागाच उरत नाही. गोव्यातल्या फोंड्यातील आमच्या घरात वरच्या मजल्यावर फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी भाड्याने राहतात, शिवाय चतुर्थीला सगळे नातलग जमतात. सेवादात्याकडून मिळालेला राउटर अशा वेळी हमखास अडत असे, म्हणून मायक्रोटिक कंपनीचा हेक्स (आरबी७५०जीआर३) हा राउटर घेतला.

या लहानशा डबीत ५ गिगाबिट पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा ड्युअल-कोअर प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम आहे. रॅमला महत्त्व अशासाठी की, तक्त्यात किती नोंदी मावतील हे तिच्यावरच ठरते. पण मला या राउटरचा खरा गुण वाटतो तो हा, की तो आपला तक्ता उघडून दाखवतो. विनबॉक्स या मायक्रोटिकच्या संगणकावरून राउटर हाताळण्याच्या प्रोग्रॅममध्ये आयपी, फायरवॉल आणि मग कनेक्शन्स असे गेले की कोणत्या उपकरणाने कुठे कनेक्शन उघडले आहे आणि ती नोंद आणखी किती वेळ टिकणार आहे, हे ओळीओळीने दिसते. मी पत्त्यांनुसार क्रम लावला तेव्हा एकाच लॅपटॉपच्या ओळी संपता संपत नव्हत्या. त्यावर टोरेंट, म्हणजे एकाच वेळी अनेक संगणकांकडून तुकड्यातुकड्याने फाइल उतरवणे, चालू होते. क्यूबिटटोरेंट या त्यासाठीच्या प्रोग्रॅमची मूळ मर्यादाच ५०० कनेक्शनची असते. ती १०० वर आणायला त्या मुलाने आनंदाने होकार दिला आणि त्याचे डाउनलोडही थांबले नाही.

दुसरा बदल नोंद टिकण्याच्या मुदतीचा. नीट बंद न झालेल्या टीसीपी कनेक्शनची (वेब पाने वगैरेंसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रकारच्या कनेक्शनची) नोंद राउटरओएस, म्हणजे हेक्सवर चालणारी मायक्रोटिकची प्रणाली, मूळ सेटिंगप्रमाणे १ दिवस जपून ठेवते. ही मुदत मी ३ तासांवर आणली. आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमपत्रानुसार ती २ तास ४ मिनिटांपेक्षा कमी असू नये, आणि ते पथ्य पाळणे बरे, नाहीतर शांत पडून असलेली चालू कनेक्शनेही तुटतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. हेक्समध्ये वायफाय नाही. त्यासाठी जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पुरवण्यासाठी, जोडावा लागतो. मेनू इतके विस्तृत आहेत की नवख्या माणसाने जाणकाराला सोबत घेऊनच बसावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेवादात्याचे यंत्र ब्रिज मोडवर टाकून घ्यावे, म्हणजे ते स्वतः राउटरचे काम न करता कनेक्शन सरळ हेक्सकडे सोपवते. तसे न केल्यास कनेक्शनच्या नोंदी त्या यंत्रातही होत राहतात, त्याचा तक्ता पूर्वीसारखाच भरतो आणि हेक्सवर केलेला खर्च वाया जातो. ब्रिज मोडमध्ये सेवादात्याकडे लॉगइन हेक्सलाच करावे लागते, त्यासाठी कनेक्शन जोडणाऱ्या तंत्रज्ञाकडून पीपीपीओईचे (या लॉगइनच्या पद्धतीचे) युजरनेम आणि पासवर्ड खरेदीपूर्वीच मागून ठेवावेत.