पावसाळी दुपार: संग्रहालय की चढाईची भिंत?

पाऊस थांबायचं नाव घेत नसेल, तर शहरात मला दोन पर्याय सुचतात: संग्रहालय आणि बोल्डरिंग या चढाईच्या खेळाची बंदिस्त भिंत.

संग्रहालयात ओली छत्री दाराशीच ठेवायची आणि निवांत फिरायचं. अडचण एवढीच, की तासा-दोन तासांत पाय भरून येतात आणि वस्तूंवरून नजर नुसती घसरत जाते. हे दुखणं जुनंच. बोस्टनच्या कला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये या थकव्यावर लेख लिहिला. प्रेक्षकाला वाकायला, मान ताणायला लावणाऱ्या मांडणीवर त्यांचा रोख होता. म्हणून सगळं बघायचा हट्ट सोडावा. दोन दालनं निवडावीत, मध्ये बाक दिसला की बसावं.

बोल्डरिंगला दोर लागत नाही. भिंत साधारण चार-साडेचार मीटर उंच, खाली जाड गाद्या. थंडीत अंग पटकन तापतं. नवख्यांची बोटं मात्र लवकर थकतात. मग इतरांची चढाई बघत बसायचं (तेही मजेचं असतं).

घरात उड्या मारणारी मुलं असतील तर भिंतच. वडीलधारे सोबत असतील किंवा एकटंच जायचं असेल, तर मी संग्रहालय निवडेन. फक्त सोमवारी आधी चौकशी करावी, त्या दिवशी बरीच संग्रहालयं बंद असतात.