सापाचं औषध: पावडर की पातळ?

मराठवाड्यात पाऊस लागला, सोयाबीनच्या खुरपण्या सुरू झाल्या की ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात एकच विचार: सर्पदंशाची 'लस' (खरं तर लस नव्हे, उतारा) कोणती ठेवायची? नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर पावडर आणि पातळ दोन्ही चालतात.

पातळ औषध लगेच वापरता येतं. पण त्याला 2 ते 8 अंशांचा फ्रीज लागतो. वादळात लाइट गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं, की फार्मासिस्टची झोप उडते. पावडर थंड, अंधाऱ्या कपाटात टिकते, मुदतही जास्त. पत्र्याच्या तापल्या खोलीत मात्र नको. तिची अडचण वेळेची. प्रत्येक कुपीत 10 मिली निर्जंतुक पाणी घालून हळूच फिरवायची, जोरात हलवली तर फेस. सुरुवातीलाच 8-10 कुप्या लागतात. रात्रपाळीला एकच सिस्टर असेल तर हिशेब तुम्हीच करा.

तरी तालुक्याला मी पावडरच ठेवीन; जिल्ह्याच्या ठिकाणी पातळ चालेल. दोन्हीकडे त्याच ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन) हवंच, कारण रिअ‍ॅक्शन उताऱ्याचीही येते.