गेमसाठी राखीव वाटा की सगळ्यांना सारखा? ओपनडब्ल्यूआरटीवरील एसक्यूएमचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या घरी 50 एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. डाउनलोड आणि अपलोड दोन्हीकडे तेवढाच वेग मिळतो आणि त्यावर पाच माणसांचे काम चालते. पत्नीच्या ऑफिसच्या मीटिंगा संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात, मुलगी कॉलेजची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स पाहते, आई टीव्हीवर कीर्तने लावते आणि रात्री नऊच्या सुमारास धाकटा मुलगा कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट खेळायला बसतो. या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि आम्ही पुण्यात राहतो, त्यामुळे घरात दुसरे कोणी नेट वापरत नसेल तेव्हा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, 9 मिलिसेकंदांच्या आसपास असतो. तरीही आठवड्यातून चार रात्री तरी त्याच्या खोलीतून "बाबा, कोण अपलोड करतंय?" अशी हाक यायची, आणि शोध घेतल्यावर बहुतेक वेळा आईचा फोन निघायचा. भजनी मंडळाचे लांबलचक व्हिडिओ तिच्या फोनमध्ये असतात आणि फोन चार्जिंगला लावला की त्यांचा बॅकअप सुरू होतो. काही दिवसांनी तिने नातवाचा खेळ आटपेपर्यंत फोन चार्जिंगला लावणेच सोडून दिले. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मला मनापासून वाईट वाटले आणि राउटरचा विषय एकदाचा मार्गी लावायचे मी ठरवले. शेवटी तो मार्गी लागला ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या प्रणालीतल्या, डेटाची रांग नीट चालवणाऱ्या एसक्यूएम या पॅकेजने.

पहिला उपाय मी तोच केला जो सगळे करतात. त्या वेळच्या राउटरमध्ये एखाद्या उपकरणाला प्राधान्य देण्याची आणि वेग वाटून देण्याची सोय होती. मी मुलाच्या कॉम्प्युटरसाठी 20 एमबीपीएस राखून ठेवले आणि बाकीच्या उपकरणांना मर्यादा घालून दिल्या. परिणाम दोन्ही बाजूंनी वाईट झाला. मुलगा शाळेत असतानाही ते 20 एमबीपीएस कोणाला मिळत नव्हते, त्यामुळे पत्नीच्या मीटिंगमध्ये चेहरे पुसट दिसू लागले, आणि दुसरीकडे गेममधला पिंग पूर्वीइतकाच उसळ्या मारत राहिला. नंतर मी राउटरवर मोजून पाहिले तेव्हा खेळ ऐन रंगात असतानाही गेमची वाहतूक दोन्ही दिशा मिळून 1 एमबीपीएसच्या आतच होती. म्हणजे ज्याला एक तांब्या पाणी हवे होते त्याच्यासाठी मी हौद अडवून ठेवला होता, आणि तो तांब्यासुद्धा त्याला वेळेवर मिळत नव्हता.

असे का होते हे समजल्याशिवाय कोणत्याही राउटरची निवड करू नये असे माझे ठाम मत आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. घरातून बाहेर जाणारा डेटा लाइनच्या वेगापेक्षा जास्त झाला की तो कुठेतरी साठून राहतो, आणि ही साठवण बहुधा आपल्या राउटरमध्ये नसून कंपनीने भिंतीवर लावून दिलेल्या फायबरच्या डब्यात किंवा त्यांच्या पलीकडच्या यंत्रात असते. समजा त्या डब्यात 1 मेगाबाइट डेटा साठू शकतो. हे झाले 8 मेगाबिट, आणि 50 एमबीपीएसच्या लाइनवरून ते बाहेर पडायला 160 मिलिसेकंद लागतात. आईच्या फोनने ती साठवण भरून टाकली की गेमचा इवलासा पॅकेटसुद्धा, म्हणजे डेटाचा तुकडा, सगळ्यांच्या मागे उभा राहतो आणि 9 चा पिंग 170 होतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, म्हणजे दर 7.8 मिलिसेकंदांनी एकदा. तेथे 160 मिलिसेकंद उशीर म्हणजे 20 पावले मागे राहणे. अशा वेळी नेम कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग नसतो, आणि मुलाची चिडचिड खोटी नव्हती हे या गणितानंतर मी त्याच्यापाशी कबूल केले.

या दोषाला बफरब्लोट म्हणतात. संगणक तज्ज्ञ जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास तो स्वतःच्या घरच्या लाइनवर पाहिला आणि त्याला हे नाव मिळवून दिले. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आपोआप आटोक्यात ठेवणारी कोडेल ही पद्धत मांडली. तिच्यातूनच पुढे केक नावाची, घरच्या राउटरला डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली पद्धत तयार झाली आणि 2018 पासून ती लिनक्स या मुक्त प्रणालीच्या मूळ कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, भाग आहे. या कामामागे अनेक वर्षे चिकाटीने उभे राहिलेले डेव्ह टाट 2025 मध्ये गेले. ज्या घरांमध्ये आज व्हिडिओ कॉल आणि गेम एकाच वेळी सुरळीत चालतात, त्या घरांवर या माणसाचे ऋण आहे.

राउटरसाठी असलेल्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत केक वापरण्यासाठी एसक्यूएम नावाचे पॅकेज मिळते. दोन्ही मोफत आहेत, आणि आठ महिने वापरून मी ज्याच्याविषयी लिहितो आहे ते हेच.

केक काय करतो हे मला आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवरून उमगले. लग्नघरचे चार पोती गहू घेऊन कोणी पुढे उभा असेल आणि मागे एखादी मुलगी किलोभर ज्वारीचा डबा घेऊन आली असेल, तर गिरणीवाला पोती थोडी थांबवून तिचे दळण आधी काढून देतो. पोतीवाल्याचे दोन मिनिटांनी काही बिघडत नाही आणि मुलगी ताटकळत नाही. केक प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग धरतो, आणि ज्या प्रवाहात डेटा विरळ येतो त्याला लगेच पुढे जाऊ देतो. गेम, फोनवरचे बोलणे, वेबसाइटचा पत्ता शोधणे ही सगळी किलोभर ज्वारीची दळणे असल्यामुळे त्यांना वेगळी ओळख द्यावी लागत नाही आणि काही राखूनही ठेवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. गेम डाउनलोड करणारी सॉफ्टवेअरे एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, त्यामुळे वाटणी केवळ जोडण्या मोजून केली तर जास्त जोडण्या उघडणाऱ्याचे फावते. केकला मात्र वाटणी आधी माणसागणिक, खरे तर उपकरणागणिक, करायला सांगता येते. आमच्याकडे तिघांनी एकाच वेळी भरपूर डेटा मागितला तर 45 एमबीपीएसमधून प्रत्येकाला 15 मिळतात, दोघे असतील तर साडेबावीस, आणि कोणी एकटाच जागा असेल तर सगळे 45 त्याचे. कोणाचा वाटा रिकामा पडून राहत नाही.

हे 45 कुठून आले, तर तीच या व्यवस्थेची किंमत आहे. रांग कंपनीच्या डब्यात न साठता आपल्या राउटरमध्ये साठावी यासाठी राउटरला लाइनपेक्षा किंचित हळू चालायला सांगावे लागते. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच चुकले होते: त्या राउटरला लाइनचा वेग किती हे मी सांगितलेलेच नव्हते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने रस्ता नेहमीच मोकळा होता आणि प्राधान्य द्यायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

जोडणी एका रविवारी दुपारी तीन तासांत झाली. कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन करून त्यांचा डबा ब्रिज मोडवर घेतला, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड टाकून जोडणी करण्याचे काम माझ्या राउटरकडे आले. ओपनडब्ल्यूआरटी चालू शकेल असा दोन कोअरचा एक जुना राउटर मी आधीच घेऊन ठेवला होता. एसक्यूएमच्या पानावर डाउनलोड आणि अपलोड दोन्ही रकान्यांत 45000 लिहिले, कारण तेथे वेग किलोबिटमध्ये द्यायचा असतो. रांगेची पद्धत म्हणून केक निवडला, प्रत्येक पॅकेटमागे होणारा वरखर्च 44 बाइट धरला आणि उपकरणागणिक वाटणीचे पर्याय प्रगत सेटिंगमध्ये घातले. या शेवटच्या पर्यायांसोबत नॅटचा (घरातल्या उपकरणांचे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलण्याच्या सोयीचा) पर्यायही द्यावाच लागतो, नाहीतर घरातली सगळी उपकरणे राउटरच्या एकाच बाहेरच्या पत्त्याखाली दिसतात आणि माणसागणिक वाटणीला अर्थ उरत नाही. हार्डवेअर ऑफलोडिंग हा पर्याय आधीपासून चालू असेल तर तो बंद करावा, कारण तो पॅकेट रांगेला वळसा घालून परस्पर पुढे पाठवतो. मी तो बंद करायला विसरलो होतो आणि काहीच फरक का पडत नाही या विचारात अर्धा तास गेला.

नंतर आईचा फोन चार्जिंगला लावला, एका लॅपटॉपवरून मोठी फाइल वर चढवायला घेतली आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत पिंग चालू ठेवला. एसक्यूएम बंद असताना आकडे 9, 10, 64, 131, 178 असे चढत गेले आणि 180 च्या आसपास रेंगाळले. टिकमार्क करून सेव्हचे बटण दाबल्यावर त्याच खिडकीत, अपलोड तसेच चालू असताना, 12, 11, 13, 11 अशा ओळी उतरू लागल्या. मुलगा मागे उभा होता. तो काही बोलला नाही, सरळ खुर्चीत बसून त्याने सामना सुरू केला. त्या रात्रीपासून आईचा फोन तिला हवा तेव्हा चार्जिंगला लागतो.

आठ महिन्यांत एकदा मोह झाला म्हणून गेमच्या पॅकेटवर खास खूण करून त्यांना केकच्या वरच्या श्रेणीत टाकण्याचाही प्रयोग मी केला. पिंगमध्ये मोजण्याजोगा फरक पडला नाही आणि नियमांची यादी मात्र वाढली, म्हणून आठवड्याभरात तो काढून टाकला. घरगुती लाइनवर गेमसाठी वेगळे आरक्षण करण्याची गरज नाही, रांग नीट चालवणे पुरेसे आहे, हे माझे मत त्या आठवड्यात पक्के झाले.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. 50 चे पैसे भरून 45 वापरणे काहींना पटणार नाही. मला ते पटले, कारण हातातून गेलेले 5 एमबीपीएस घरात कोणालाही जाणवलेले नाहीत. आपल्या राउटरपलीकडच्या दोषांवर एसक्यूएमकडे इलाज नाही: कंपनीचा मार्गच लांबून जात असेल किंवा परिसरातली लाइन रात्री तुंबत असेल तर घरातला राउटर काही करू शकत नाही. डाउनलोडच्या दिशेने ते अपलोडइतके नेमके नसते, कारण तेथे रांग पलीकडे लागते आणि पॅकेट सोडून देऊन किंवा खूण करून पाठवणाऱ्याला सावकाश पाठवण्याचा इशारा द्यावा लागतो. मोठ्या गेमचे अपडेट सुरू होते त्या पहिल्या क्षणी आमच्याकडे आजही पिंग 25 ते 30 पर्यंत जातो आणि मग खाली येतो. वायफायचा गोंधळ ही तर स्वतंत्र गोष्ट आहे. दोन भिंतींपलीकडून वायफायवर खेळणाऱ्याने आधी केबल ओढून घ्यावी, मग राउटरच्या सेटिंगकडे वळावे. आणि मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या घरगुती 5जी कनेक्शनचा वेग सतत बदलत असल्यामुळे तेथे एकच ठरलेला आकडा टाकून भागत नाही.

नवा राउटर घ्यायचा असेल तर डब्यावर छापलेल्या गेमिंग या शब्दापेक्षा प्रोसेसरकडे पाहावे आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ते मॉडेल, त्याच्या नेमक्या आवृत्तीसह, आहे याची खात्री करून घ्यावी. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमध्ये आतली चिप वेगळी असू शकते. केकचे सारे काम प्रोसेसरवर पडते. 50 किंवा 100 एमबीपीएसला साधा दोन कोअरचा राउटर पुरतो, पण कनेक्शन त्याच्या कितीतरी पट वेगवान असेल तर तोच राउटर वेगाला खीळ घालू लागतो. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर 2024 च्या अखेरीस आणला. त्यात 1 जीबी मेमरी आणि दोन कोअरचा मीडियाटेक प्रोसेसर आहे, मात्र घरातल्या उपकरणांसाठी केबलचे एकच पोर्ट असल्याने सोबत छोटा स्विच, म्हणजे एका केबलवर अनेक उपकरणे जोडणारा डबा, घ्यावा लागतो. स्वतःच्या राउटरवर नवी प्रणाली चढवण्याची ज्यांना भीती वाटते त्यांनी निदान सध्याच्या राउटरमध्ये एसक्यूएम, केक किंवा कोडेल यांपैकी एखादे नाव दिसते का ते पाहावे. दिसले तर लाइनचा खरा वेग मोजून त्याच्या नऊ दशांश आकडा टाकून बघावा.

हा आकडा एकदा टाकून विसरण्याचा मात्र नाही. नाशिकला मेहुण्यांकडे मी हीच व्यवस्था 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर लावून दिली होती. पुढे त्यांनी 200 चा प्लॅन घेतला आणि तीन आठवड्यांनी मला फोन केला, की पैसे वाढले पण वेग 90 च्या वर सरकत नाही. राउटरच्या पानावर दोन्ही रकान्यांत मी लिहिलेले 90000 तसेच होते. फोनवरच त्यांना ते 180000 करायला सांगितले, आणि ते दोन्ही आकडे आता त्यांनी राउटरच्या खाली कागदावर लिहून चिकटवले आहेत.